अक्कांचा कान

म्हैसूरपासून समुद्र लांब आहे. हुणसूरच्या रस्त्याने निघून, मडिकेरी मागे टाकून अख्खा घाट उतरावा लागतो, तेव्हा कुठे खारा वारा अंगाला लागतो. पण अरबी समुद्र आज किती तापलाय, हे म्हैसूरच्या हिनकल भागातल्या आमच्या घरात सकाळीच कळायचं. ते आमच्या घरमालकीण अक्कांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असे. उठल्याबरोबर, कॉफीच्याही आधी, त्या संगणक उघडून समुद्राच्या उष्णतेचा नकाशा बघत. लोक राशिभविष्य बघतात तसा. पाणी एरवीसारखं असेल तिथे निळा रंग, तापलेलं असेल तिथे तांबडा. निळ्या दिवशी अक्का फाटकात उभ्या राहून भाजीवाल्याशी कन्नडमध्ये खुशाल घासाघीस करत. तांबड्या दिवशी त्या पायरीवर बसून राहत आणि हातातल्या कॉफीवर साय धरे.

"काय अक्का, आज काय म्हणतोय समुद्र?" मी जिन्यावरून विचारत असे.

"बरं नाही ग पुट्टी. लक्षद्वीपाकडं सगळं लाल झालंय."

पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी मुलगी. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते.

श्रीकांतला, माझ्या नवऱ्याला, हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही कोल्हापूरहून इथे आलो आणि अक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. अक्का खाली एकट्या राहत. लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी लोकांपैकी; पूर्वज राजाच्या घोडदळात होते. घरात मराठी, पण अशी की वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये उतरायचं. "आमचे पणजोबा घोड्यावर, मी बोटीवर. जमिनीवर सुखानं कोण राहिलं नाही बघ," असं त्या सांगत. सगळी नोकरी त्यांनी देवमाशांचे आवाज ऐकण्यात घालवली होती. कारवारपासून लक्षद्वीपापर्यंत समुद्राच्या तळाशी ध्वनिमुद्रणाची यंत्रं सोडायची, हंगाम संपला की वर काढायची आणि महिनोन्महिने ऐकत बसायचं. निवृत्त झाल्यावरही मंगळूरहून श्यामला, त्यांच्या जागी आलेली बाई, दर वर्षी नवी मुद्रणं पाठवायची. कन्नडमध्ये देवमाशाला तिमिंगिल म्हणतात. गल्लीतली मुलं त्यांना तिमिंगिल अज्जी म्हणत आणि त्या वळून बघत.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, यांतलं काहीच विचारलं नाही. "सकाळी मिक्सर कधी लावता?" एवढंच विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. "कॉफी झाल्यावर मी ऐकायला बसते. तेवढा वेळ सुम्ने राहायचं, आवाज करायचा नाही. बाकी काय पण करा." श्रीकांतला वाटलं, पोथी ऐकत असतील.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की ती पोथी नव्हे. मी फरशी पुसत होते आणि तळहाताला काहीतरी लागलं. आवाज म्हणावा असं नाही. फरशीच्या खालून कुणीतरी लांबलचक कण्हत असावं, थांबावं, पुन्हा कण्हावं, असं. भांड्यांच्या मांडणीतली एक ताटली बारीक थरथरत होती. मला वाटलं, म्हातारीला काही झालं. धावत खाली गेले. अक्का डोळे मिटून मोठ्या स्पीकरसमोर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारच्या खुर्चीकडे खूण केली.

"हा नर," आवाज थांबल्यावर त्या म्हणाल्या. "निळा देवमासा. इतका खालचा सूर आहे की आपल्या कानाला नीट लागतच नाही. वेग वाढवून ऐकायचा. तेव्हा कुठं एवढं ऐकू येतं."

"काय म्हणतोय?"

"मला माहीत नाही." अक्का हसल्या. "इतकी वर्षं ऐकते. तो आहे, एवढंच कळतं. ते कळलं तरी पुष्कळ झालं की."

'माहीत नाही' हे शब्द त्या जितक्या सहज उच्चारत तितक्या सहज मी ते कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. श्रीकांत त्यांना मुद्दाम छेडायचा. "अक्का, जग बुडणार ना आता?" त्यावर त्या शांतपणे म्हणत, "बुडणार म्हणायला मला भीती वाटते आणि बुडणार नाही म्हणायला त्याच्याहून जास्त वाटते." श्रीकांत मोठ्याने हसे. त्या हसत नसत.

रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून लष्कर मोहल्ल्यात नेत असे. त्यांचं लहानपण तिथे गेलं होतं; वडिलांचं पत्र्याच्या ट्रंका बनवायचं छोटं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची दुकानं आहेत, पण अक्कांना जुन्या दुकानाची जागा बघायची नसे. त्यांना मासळी बघायची असे. मंगळूरहून बर्फात आलेली तारली हातात घेऊन त्या पोटाशी अंगठ्याने दाबत. मासेवाला इस्माईल त्यांच्या ओळखीचा. तो विचारी, "अक्का, हे काय, माशाची नाडी बघता?" एका रविवारी त्यांनी एक तारली दाबली, दुसरी दाबली, मग टोपलीच्या तळातली काढून दाबली आणि सगळ्या परत ठेवल्या.

"अंगावर तेल नाही रे यांच्या."

"अक्का, सगळीकडं असाच माल येतोय. बांगडा न्या."

बांगडा न घेता आम्ही परतलो. स्कूटरवर मागून त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो घर येईपर्यंत घट्ट होता.

मी एकदा विचारलं होतं, की समुद्राचा इतका ध्यास आहे, तर मंगळूरला का नाही राहिलात? "जवळ राहिलं की रोजचं होतं," त्या म्हणाल्या. "रोजचं झालं की बदललेलं दिसत नाही. आई रोज मुलाकडं बघते, तिला मूल वाळलेलं उशिरा कळतं. पाहुण्याला लगेच कळतं."

गणपती नुकतेच होऊन गेले होते. सकाळी श्यामलाचा फोन आला: उडुपीच्या अलीकडे एका किनाऱ्यावर देवमासा लागलाय, जिवंत आहे. अक्का वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा जिना चढत नसत. दारात उभ्या राहून धापा टाकत म्हणाल्या, "गाडी काढशील काय?" श्रीकांत कामावर गेला होता, गाडी घरीच होती. मी गॅस बंद केला आणि आम्ही निघालो. मडिकेरीच्या पुढे घाटात धुकं होतं, मी गाडी सावकाश घेत होते, आणि शेजारी अक्का पायाने नसलेला अ‍ॅक्सिलरेटर दाबत होत्या.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. किनाऱ्यावर जत्रा भरल्यासारखी गर्दी. फोन वर धरलेले हात, कडेवरची पोरं, एक शेंगदाणेवाला. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये ती देवमाशाची मादी. काळसर, ओली, एखाद्या बसएवढी. जवळ गेल्यावर तिच्या श्वासाचा आवाज आला. फस्स करून सुटणारी हवा, मग कितीतरी वेळ काहीच नाही. त्या मधल्या वेळात माझाही श्वास अडकत होता. आंबूस, गरम वास येत होता.

अक्कांनी चपला काढल्या आणि सरळ गर्दीत शिरल्या. डोक्यावरचं श्वासाचं भोक उघडं ठेवून बाकीच्या अंगावर ओली चादर टाकायला लावली. शेपटीला दोर बांधून ओढू म्हणणाऱ्या चौघांना त्यांनी हाताला धरून बाजूला केलं. "बेडा, ओढू नका. आतलं सगळं तुटेल," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. पोलिसाला सांगून गर्दी मागे सारली. मग त्या तिच्या डोळ्याजवळ वाळूत बसल्या. डोळा लहान होता, मोठ्या गाईचा असावा तेवढा, आणि तो हलत होता. श्यामला दुसऱ्या बाजूने आली. अक्कांनी हात वर करून मादीच्या डोक्याच्या मागे ठेवला.

"नोड," त्या मला म्हणाल्या, "इथं बघ. इथं भरलेलं पाहिजे. खड्डा पडलाय. पाठीचा कणा दिसतोय."

मी बघितलं. एवढं प्रचंड जनावर, आणि म्हाताऱ्या बैलासारखी त्याची हाडं वर आलेली.

"उपाशी आहे," अक्का म्हणाल्या.

सूर्य पाण्याला लागण्याआधी ती गेली. कधी गेली ते नेमकं कुणालाच कळलं नाही. पुढच्या श्वासाची वाट बघत आम्ही सगळे उभे होतो आणि तो आला नाही, एवढंच. गर्दीतलं कुणीतरी अजून फोटो काढत होतं. एका वाहिनीची मुलगी माइक घेऊन अक्कांकडे आली: तापमानवाढीमुळेच ना? अक्का वाळू झटकत उठल्या. "एका जनावरावरून समुद्राचं सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आजार असेल, जहाजाचा धक्का असेल. कापून बघावं लागेल. आत्ता एवढंच सांगते, की हिच्या पोटात पुष्कळ दिवस काही गेलेलं नाही." मुलीला ते पुरेसं वाटलं नाही. ती दुसऱ्या माणसाकडे वळली.

रात्र आम्ही श्यामलाच्या घरी काढली आणि सकाळी परत निघालो. मडिकेरीला चहासाठी थांबलो तेव्हा अक्का पहिल्यांदा मोकळ्या बोलल्या. कपात चहा होता, त्यावर त्यांनी बशी उपडी ठेवली.

"माइकसमोर बोलले नाही ते तुला सांगते. वरचं पाणी फार तापलं की असं होतं. झाकण बसतं. समुद्राच्या तळाकडं थंड पाणी असतं, सगळं सत्त्व त्यात. ते वर आलं तर पाण्यातली बारीक वनस्पती वाढते. तिच्यावर जवळा जगतो. जवळ्यावर तारली, आणि तारली-जवळ्यावर ही. झाकण बसलं की सत्त्व खालीच राहतं, आणि वर सगळ्यांचं ताट रिकामं."

"मग ते दुसरीकडे जातील ना? थंड पाण्यात?"

"जातील की. काही गेले असतील. सगळ्यांना वाट ठाऊक असते असं नाही." त्यांनी बशी उचलली. "आणि ते गेले की इथलं आणखी बिघडतं. देवमासा खोल जाऊन खातो आणि वर येऊन विष्ठा टाकतो. ते त्या बारीक वनस्पतीला खत असतं. शेतकरी गेल्यावर शेत कसलं पिकतंय?"

मी कप खाली ठेवला. टीव्हीवर, वर्तमानपत्रात हे सगळं मी शंभरदा ऐकलं-वाचलं होतं. तेव्हा ते लांबचं वाटलं होतं. या वेळी समोर जी बाई चहा पीत होती, तिने काल त्या जनावराच्या हाडांना हात लावला होता.

त्यानंतरच्या वर्षी हंगाम संपल्यावर श्यामलाने नेहमीप्रमाणे मुद्रणं पाठवली. मी मिक्सर लावायचं थांबले, फरशी पुसायला बसले. खालून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा गेला तरी नाही. मला वाटलं, स्पीकर बिघडला असेल. ताटली आपल्या जागी गप्प उभी होती. मी सकाळी तिच्याकडे बघायला लागले. श्रीकांत म्हणाला, "तू पण आता अक्कांसारखी झालीस." पण तोही एकदा चहाचा कप हातात घेऊन मांडणीपाशी थांबलेला मी बघितला.

शेवटी अक्कांनी मला खाली बोलावलं. त्या नीट झोपल्या नसाव्यात. "तू ऐक," त्या म्हणाल्या. "श्यामलाच्या संगणकानं काही नाही म्हणून सांगितलंय. पण त्याला शिकवलेली चाल तेवढीच ओळखू येते. लांबचा, पुसट, जहाजाच्या आवाजात बुडालेला सूर त्याला लागत नाही. तो मला लागायचा. आता मला पण लागत नाही. माझा कान गेलाय."

मी हेडफोन लावले. समुद्र मला वाटला होता तसा शांत नव्हता. कुठेतरी जहाजाचं इंजिन धडधडत होतं. बारीक तडतड होती, मोहरी तडतडावी तशी. ती लहान कोळंबीची, असं अक्कांनी पूर्वी सांगितलं होतं. मी डोळे मिटून त्या सगळ्याच्या पलीकडे कान लावला. अक्का माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, हे न बघताही मला कळत होतं. मला फार वाटलं, की काहीतरी ऐकू यावं. इंजिन लांब गेलं. तडतड राहिली. त्याच्या मागे नुसतं पाणी.

"नाही अक्का."

"तुझा कान शिकलेला नाही," त्या पटकन म्हणाल्या. "तुझं धरायचं नाही. माझे कान तपासून येऊ."

कान तपासायला म्हैसूरला लांबलांबून लोक येतात. आम्ही एका दवाखान्यात गेलो. तपासणारी मुलगी गोड स्वभावाची होती. तिने अक्कांना काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाली. मी बाहेरून बघत होते. अक्का इतक्या ताठ बसल्या होत्या, जणू परीक्षाच देत होत्या. नापास होण्यासाठी परीक्षेला बसलेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मुलगी कागद घेऊन बाहेर आली. "अज्जी, वयाच्या मानानं फार छान आहेत कान. वरचे सूर गेलेत, पक्ष्यांचे, घड्याळाचे. ते सगळ्यांचेच जातात. पण खालचे सूर अगदी तरुण माणसासारखे आहेत. काळजीचं काही कारण नाही."

"खालचे चांगले आहेत?" अक्कांनी पुन्हा विचारलं. "नक्की?"

"नक्की, अज्जी. आनंदाची गोष्ट आहे की."

अक्कांनी तिचे आभार मानले. परतताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. घराच्या फाटकाशी मी गाडी थांबवली, तरी त्या उतरेनात. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला बहिरं व्हायचं होतं ग, पुट्टी."

मी इंजिन बंद केलं आणि आम्ही तशाच बसून राहिलो. रस्त्यावर रहदारी चालली होती, समोरच्या बांधकामावर कुणीतरी लोखंड ठोकत होतं. एवढ्या आवाजात मला पहिल्यांदा ती शांतता कळली. अक्का कित्येक दिवस कान लावून बसल्या होत्या ती. माझ्या दंडांवर काटा उभा राहिला. घाटाच्या खाली, पलीकडे, एवढं थोरलं पाणी पसरलेलं, आणि त्यात जहाजांखेरीज कुणी नाही. भुताला मी कधी भ्याले नाही. त्या दिवशी भ्याले.

त्याच दुपारी अक्कांनी श्यामलाला फोन लावला. मी शेजारीच होते. "गेले असं लिहू नको," त्या म्हणाल्या. "ऐकू आले नाहीत, असं लिही. इथं, या हंगामात, ऐकू आले नाहीत. आणि पुढच्या वर्षी यंत्रं आणखी दक्षिणेला सोड. खोल सोड." आवाज अगदी कोरडा होता. फोन ठेवल्यावर मात्र त्या देवघरापाशी जाऊन बसल्या. मी त्यांना तिथे क्वचितच बघितलं होतं. हात जोडले नव्हते. नुसत्या बसल्या होत्या.

पुढच्या हंगामात ते आले. खोटं कशाला सांगू, ती ताटली हलली तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि धावत खाली गेले. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटला होता तो आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता.

"आले ना, अक्का?"

"आलेत. उशिरा आलेत. थोडे आहेत." त्यांनी आवाज कमी केला. "पंगत उठून गेल्यावर आलेत, पुट्टी. त्यांना काय वाढायचं आता?"

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. चैत्रातल्या एका दुपारी, म्हैसूरलाही सोसत नव्हतं इतकं ऊन होतं, त्या आरामखुर्चीत पडल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. बंगळूरहून त्यांचा पुतण्या आला, विधी झाले, श्यामला आली आणि यंत्रं घेऊन गेली. शेजारच्या बायका म्हणाल्या, किती शांत मरण आलं. मी मान हलवली. शेवटच्या महिन्यांत रात्री त्यांच्या सोबतीला झोपणारी मी एकटीच होते, आणि त्यांना झोपेत दचकून उठताना मी बघितलं होतं.

पुतण्याने घर विकायला काढलं, आम्ही हूटगळ्ळीकडे राहायला गेलो. गेल्या हिवाळ्यात श्रीकांतला सुट्टी होती म्हणून दोघं समुद्रावर गेलो. सकाळची वेळ होती, किनारा रिकामा होता. श्रीकांत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला आणि खूश होऊन ओरडला, "ये ना, थंडी असून पाणी काय मस्त कोमट आहे बघ."

मी गेले. लाट पायावरून गेली. पाणी खरंच कोमट होतं, बाळाच्या अंघोळीचं असावं तसं. मी तिथेच थांबले आणि मला पाऊल पुढे टाकवेना. श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. त्याने वाकून तळहात पाण्यात धरला, जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग तो सरळ झाला, समुद्राकडे बघत राहिला, आणि हळूहळू, पाण्याचा आवाज होणार नाही अशा बेताने पावलं उचलत, बाहेर येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.